डायरेक्टवर चालतो

वाशीम जिल्ह्यात वस्तू जुनी होत नाही. ती 'अजून चालते' या वर्गात जाते आणि भंगारवाल्याची गाडी दारात येईपर्यंत तिथेच राहते. कूलर, मोटरपंप, आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ, तहसीलसमोरच्या अर्जनविसाचा टाइपरायटर, कुणाचीही चौकशी करा, उत्तर एकच: "चालते ना अजून." कशी चालते हे विचारणं असभ्यपणाचं समजतात. कूलर चालतो, म्हणजे त्याला डाव्या बाजूनं वीट लावली तर चालतो. मोटर चालते, म्हणजे स्टार्टरला घरातल्या एका ठरावीक माणसानं हात लावला तर चालते, आणि तो माणूस परगावी लग्नाला गेला असेल तर गहू वाळतो.

ही सवय आजची नाही. मूर्तिजापूरहून आमच्या जिल्ह्यातल्या कारंज्यावरून यवतमाळला पूर्वी जाणारी नॅरोगेज गाडी म्हणजे शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली तयार झालं आणि ते थेट १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबलं. तेवढ्या काळात एक महायुद्ध झालं, इंग्रज गेले, वऱ्हाड आधी मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात असं जागचं न हलता फिरून आलं. इंजिन जाऊन डिझेल आलं, त्यानंतर चार वर्षांनी वाशीमचा अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला. या एवढ्या उलथापालथीत त्या इंजिनाला कुणी 'आपली मुदत अमुक तारखेस संपत आहे, कृपया नवीन इंजिन घ्यावे' अशी नोटीस काढली नाही.

लॅपटॉपला मात्र नोटीस आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. पुढची विंडोज ११ घ्यायची तर किमान चार जीबी रॅम पाहिजे, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. आमच्याकडे उद्धार असो की शिवी, हिशेब सात पिढ्यांपर्यंत जातो. आठवीची अट घातल्याचं हे पहिलंच उदाहरण. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये वाशीमची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली आहे. आकांक्षा भरपूर आहे. रॅम दोन जीबी आहे.

हे दोन जीबीवाले लॅपटॉप जिल्ह्यात येतात त्याचा एक ठरलेला मार्ग आहे. मुलगा बारावी होतो. अमरावतीला नाहीतर पुसदला इंजिनिअरिंगला लागतो. त्या वर्षी तुरीला बरा भाव मिळतो आणि लॅपटॉप घरात येतो. चार वर्षं त्याच्यावर अभ्यास सोडून सगळं होतं. मग मुलगा पुण्याला हिंजवडीत लागतो, कंपनी नवा लॅपटॉप देते, आणि जुना एका दिवाळीत मळक्या कपड्यांच्या बॅगेतून घरी परत येतो. "बाबा, तुम्हाला राहू द्या." बाबांना लॅपटॉप नको असतो, पण पोरानं पहिल्यांदाच काही दिलेलं असतं, त्यामुळे नाही म्हणवत नाही. तो कपाटावर जातो. खाली विम्याच्या पावत्या, वर लॅपटॉप, त्यावर क्रोशाचं झाकण.

कारंज्याला माझ्या ताईकडे असाच एक आहे. खरेदी २०१२ ची. 'डायरेक्टवर चालतो' हे त्याच्या प्रकृतीचं पहिलं वाक्य. ज्यांना हा शब्दप्रयोग माहीत नाही असे लोक पुण्यामुंबईतच असतील, त्यांच्यासाठी सांगतो: बॅटरी आहे, पण ती शोभेची आहे. चार्जरची पिन काढली की लॅपटॉप जातो, पिन हलली तरी जातो, पिनेकडे कुणी रोखून पाहिलं तरी जाईल अशी भीती वाटते. डाव्या बाजूचं बिजागर तुटलंय, म्हणून स्क्रीनला मागून पंचांगाचा टेकू. दरवर्षी टेकू नवा असतो, लॅपटॉप तोच. 'ए'चं बटण उडालंय. खाली रबराचं बोंड आहे, ते नखानं दाबायचं.

आमचे भाऊजी सकाळी याचं बटण दाबून आंघोळीला जात. आंघोळ, पूजा, चहा उरकून आले की पडद्यावर निळं वर्तुळ फिरत असे. मग ते पेपर वाचत. अग्रलेखापर्यंत पोचले की डेस्कटॉप दिसे, आणि छोट्या जाहिरातींपर्यंत आले की त्यांनी अग्रलेखाच्या वेळी केलेलं क्लिक लागू होई. उजव्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिवेट विंडोज' अशी फिकट अक्षरं कित्येक वर्षं होती. घरात सगळे ते कंपनीचं नाव समजत.

एकदा तो बसस्टँडजवळच्या दुकानात नेला. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात इलाज तीनच असतात: फॉरमॅट मारणे, रॅम वाढवणे, नवा घेणे. रोग कोणताही असो, सुरुवात फॉरमॅटपासून. दुकानदारानं लॅपटॉप उघडला, पंख्याच्या जाळीत साचलेला कापूस बाहेर काढला (कारंजा कापसाचं गाव आहे, तक्रार करता येत नाही), पुन्हा मिटला आणि डोकं हलवलं. "याच्यात आता काही राह्यलं नाही, काका. नवा घेऊन टाका."

भाऊजींनी तो परत आणून कपाटावर ठेवला. क्रोशाचं झाकण घातलं. याला आमच्याकडे 'पाहू पुढं' म्हणतात.

पुढे पाहिलं ते धाकट्या भाच्यानं. हा पॉलिटेक्निकला असतो. प्रत्येक तालुक्यात एक तरी मुलगा असा निघतो, ज्याला चालू स्थितीतल्या वस्तूत रस नसतो. सुट्टीत आला, कपाटावर हात घालून लॅपटॉप काढला, आणि मला म्हणाला, "मामा, हा मेला नाही. याच्यावर ओझं जास्त झालं. लिनक्स टाकतो."

लिनक्सची जन्मकथा त्यानं मला त्याच दुपारी ऐकवली, ती मुख्यतः खरी आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपल्या ३८६ जातीच्या संगणकासाठी ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. पुढे हजारो लोकांनी हातभार लावला, फुकट वाटली, फुकट सुधारली. तिचा गाभा एकच, पण त्यावर कपडे चढवून निरनिराळ्या मंडळींनी आपापली लिनक्स काढली. त्यातल्या काही खास जुन्या यंत्रांसाठी. भाच्याच्या बोलण्यातून असं वाटत होतं, की लिनक्सवाले म्हणजे जुन्याचे आधारस्तंभ. पुढे वाचताना मला कळलं, की २०१३ मध्ये लिनक्सच्या ३.८ आवृत्तीनं ३८६ संगणकाचाच आधार काढून टाकला. ज्या यंत्रावर जन्म झाला, त्यालाच घराबाहेर काढलं. वाटणीपत्रं सगळ्याच घरांत होतात.

आता कोणती लिनक्स टाकायची? इथे दोन लिनक्सवाले एकत्र बसवू नयेत. पंगतीत भात आधी की पोळी आधी यावर वऱ्हाडात जेवढं बोललं जात नाही, तेवढं ते यावर बोलतात. एक म्हणतो लुबुंटू, दुसरा म्हणतो ती आता जाड झाली, अँटीएक्स घे. तिसरा पपी लिनक्सचा. ही ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कौलर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली काढली आणि तिला आपल्या छोट्या कुत्र्याचं नाव दिलं. ती सगळीच्या सगळी रॅममध्ये चढून बसते आणि हार्डडिस्क मोडकी असली तरी तिचं अडत नाही. चौथा कुणीतरी अतिरेकी असतो, तो टायनी कोअर सांगतो. ती पंचवीस एमबीच्या आत डेस्कटॉपसकट मावते. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी येणारा सुप्रभातचा व्हिडिओ कधीकधी याहून मोठा असतो. अर्थात हलकेपणाचं अप्रूप आमच्या जिल्ह्याला कुणी सांगू नये. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला टेकत नाही अशी ख्यातीच आहे.

भाच्यानं अँटीएक्स ठरवली. तिला पेनड्राइव्ह लागतो. घरात पेनड्राइव्ह एकच, आणि त्यात ताईच्या भागवत सप्ताहाचं रेकॉर्डिंग. पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसावा लागतो हे कळल्यावर ताईनं तो मुठीत धरला तो सोडेना. लिनक्स मुक्त आहे, तिचे स्रोत सगळ्यांना खुले आहेत, वगैरे युक्तिवाद भाच्यानं केला. "आमचे महाराज बी मुक्तच आहेत," ताई म्हणाली. शेवटी सातही दिवस मोबाइलमध्ये उतरवून, त्यातला तिसरा दिवस सुरुवातीपासून ऐकून पाहून, खात्री झाल्यावर पेनड्राइव्ह मिळाला.

पुढचा पेच विजेचा. महिना मे. कारंज्यात मे महिना काय असतो ते तिथे गेलेल्याला सांगावं लागत नाही. त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या खाली पारा उतरला तर लोक 'आज जरा बरं आहे' म्हणतात. लॅपटॉप डायरेक्टवर, आणि लाइट जाण्यायेण्याच्या वेळा जाणाऱ्या लाइटलाच ठाऊक. अर्ध्यात गेली तर सगळं पहिल्यापासून. इन्व्हर्टरवर दोनच जोडण्या होत्या, एक टीव्हीची आणि एक पंख्याची. टीव्हीची जोडणी ताईच्या मालिकेच्या ताब्यात. म्हणून पंखा बंद करून त्या जागी लॅपटॉप लावला आणि सगळं घर घामानं निथळत त्याच्याभोवती बसलं. जगात दुसरीकडे कुठे ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला एवढी माणसं बसत असतील असं वाटत नाही.

आता पेनड्राइव्हवरून चालू करायला सुरुवातीलाच एक बटण दाबावं लागतं. ते कोणतं, हे प्रत्येक कंपनीनं वेगळं ठेवलंय: एफ २, एफ १०, एफ १२, एस्केप, डिलीट. मुदत दोन सेकंद. तेवढ्यात बरोबर बटण लागलं नाही तर जुनी विंडोज मध्ये घुसते आणि तिला बाहेर काढण्यात एक चहा जातो. भाचा एफ २ वर, मी एफ १२ वर, भाऊजी बटण चालू करायला, असे आम्ही तिघं त्या लहानशा कीबोर्डवर ओणवे झालो होतो. लागलं ते डिलीट. ते ताईनं दाबलं, ते पण 'हे काय आहे' असं विचारताना.

पुढे मात्र ते यंत्र शहाण्यासारखं वागलं. भाषा, वेळ, हार्डडिस्क विचारली आणि वीसेक मिनिटांत उरकलं. भाच्यानं मग काळी खिडकी उघडली. तिला टर्मिनल म्हणतात आणि लिनक्सवाल्यांना तिच्याशिवाय पाणी पचत नाही. पासवर्ड टाकण्याचा मान भाऊजींना. त्यांनी एका बोटानं, प्रत्येक अक्षराला मनात म्हणत, पासवर्ड टाकला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. ठिपके नाहीत, फुल्या नाहीत. त्यांनी पुन्हा टाकला, जास्त जोरानं.

"उमटत नाही बे काही."

"उमटत नसतं, बाबा. तो लिहून घेतो, दाखवत नाही."

भाऊजी क्षणभर थांबले. "आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी असाच होता," ते म्हणाले आणि निमूटपणे तिसऱ्यांदा टाकू लागले.

मग वायफाय लागेना. जुन्या लॅपटॉपमधली वायफायची काही कार्डं अशी असतात की त्यांना चालवणारी फाइल इंटरनेटवरून उतरवावी लागते, आणि इंटरनेटसाठी वायफाय लागतं. कायद्याच्या परीक्षेला घालण्यासारखा प्रश्न आहे. भाच्यानं मोबाइल केबलनं जोडून नेट दिलं आणि तो सोडवला. तरीही एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी सुरक्षेचा इशारा. सरकारी साइट असुरक्षित, बँकेची असुरक्षित, हवामान खात्याचीसुद्धा असुरक्षित. शेवटी भाच्याची नजर कोपऱ्यातल्या तारखेकडे गेली. १ जानेवारी २०१२.

लॅपटॉपच्या आत घड्याळ चालू ठेवणारा एक नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की लॅपटॉप प्रत्येक वेळी आपल्या जन्माच्या सुमारास जागा होतो. साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं ताजी, याच्या मते अजून जन्माला न आलेली, त्यामुळे हा कुणावरच विश्वास ठेवत नाही. एका अर्थी त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. त्याच्या हिशेबानं शकुंतला अजून रोज येत होती, विंडोज ७ जोमात होती आणि त्याला स्वतःला वॉरंटी होती. घड्याळाच्या दुकानातून सेल आणून बसवला आणि त्याला एका झटक्यात आजच्या तारखेवर आणलं. आपल्यापैकी कुणाशी असं केलं तर सहन होणार नाही.

आता ज्याच्यासाठी माणसं लिनक्स टाकतात, तो क्षण आला. भाच्यानं रॅमचा आकडा काढून दाखवला: दोनशे एमबीच्या आसपास. दोन हजारांतले दोनशे. बाकी सगळी रॅम मोकळी. बटण दाबल्यापासून मिनिटभरात डेस्कटॉप! भाऊजींनी आंघोळीला जायचं म्हणून टॉवेल खांद्यावर टाकला होता, तो तसाच राहिला. भाच्यानं त्या आकड्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला. एका मित्रानं उलट आपला पाठवला, दीडशे. भाच्याचा चेहरा पडला. त्यानं रात्री बसून आणखी काहीबाही काढलं, ब्लूटूथ काढलं, प्रिंटरची सोय काढली (हे पुढे महागात पडणार होतं), आणि सकाळी एकशे चाळीसवर आणला.

मी या मंडळींचं निरीक्षण केलं आहे. ते लॅपटॉप वापरत नाहीत, तो किती कमी वापरला जातोय हे पाहतात. मोकळ्या रॅमकडे पाहत बसण्यात त्यांना एक सात्त्विक आनंद मिळतो. भाऊजींनी त्यावर अगदी शेतकरी प्रश्न विचारला. "एवढी मोकळी हाये, तर तिच्यात काय पेरतं?"

उत्तर म्हणून भाच्यानं ब्राउझर उघडला. सोयाबीनचा हमीभाव शोधला. २०२५-२६ साठी क्विंटलला ५३२८ रुपये. हे चार आकडे ज्या बातमीच्या साइटवर होते, तिनं आधी गृहकर्जाची जाहिरात दाखवली, मग खाली उजवीकडे एक व्हिडिओ आपोआप सुरू केला, मग 'तुम्हाला सूचना पाठवू का' असं विचारलं, मग आणखी काही दागिने आणि गुडघेदुखी. एकशे चाळीसचे नऊशे झाले. दुसरी साइट उघडली, चौदाशे. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीच्या सुरात गायला लागला.

माझं मत विचाराल तर सगळा घोळ इथे आहे. लोक ऑपरेटिंग सिस्टिमला जाड म्हणतात, पण खरा लठ्ठपणा इंटरनेटच्या पानांना आलाय. आपण घर झाडून, सामान विकून, खोल्या मोकळ्या कराव्यात आणि एका चहासाठी आलेल्या पाहुण्यानं बँडपथक घेऊन यावं, असं होतं. लिनक्स बिचारी खोलीत कोपरा धरून बसते. जागा पानं खातात. त्यावर उपाय आहेत. जाहिराती अडवायच्या, एका वेळी एकच पान उघडायचं, झेडरॅम नावाची सोय चालू करायची, म्हणजे रॅममधला मजकूर दाबून तिथेच जास्त बसतो. आणि सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे फिरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवायची. तिनं कुठलाही जुना लॅपटॉप लिनक्सपेक्षाही जास्त सुधारतो. लिनक्सवाले हे माहीत असून हळू आवाजात सांगतात, कारण श्रेय वाटून घ्यावं लागतं.

हलकी लिनक्स घेऊन खेड्यात जाण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला प्रयोग आमच्याकडे झाला नाही, तो रायगडात झाला. कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या धनगरवाड्यावरच्या शाळेत २००७ मध्ये मुलांना एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले. निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतले ते. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजावाजा झाला होता, प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या घरात गेली. 'पासून पुढे' हा शब्द जाहिरातीत बारीक टाइपात असतो, तो अमेरिकेतही असतो. त्यात प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, हार्डडिस्क नाहीच, आणि वर फेडोरा लिनक्सवर बेतलेली मुलांसाठीची मांडणी. म्हणजे आमच्या ताईच्या लॅपटॉपच्या एक-अष्टमांश रॅमवर एक आख्खी शाळा लिहीत-वाचत-चित्रं काढत होती. विजेचा प्रश्न तिथेही होताच. त्याच सुमारास या योजनेतल्या भारतातल्या मंडळींनी गुरांना पट्टे आणि चाकांच्या रचनेला जुंपून डायनॅमो फिरवायचा आणि त्यावर लॅपटॉप चार्ज करायचा, असाही प्रयोग करून पाहिला.

हे ऐकून भाऊजींचे डोळे चमकले. इतका वेळ त्यांना या विषयात आपल्याला कळेल असं काही सापडलं नव्हतं. त्यांनी ताबडतोब हिशेब मांडला: आजच्या भावात बैलजोडी, कडबा, ढेप, गडी. "दोनशे डॉलरच्या लॅपटॉपले लाखाचा चार्जर," ते म्हणाले. "आन् पोळ्याले सुट्टी द्या लागते ते येगळं."

खरी कसोटी लागली ती सप्ताहाच्या पत्रिकेची. भाऊजी मंदिराच्या समितीत आहेत. मागच्या सगळ्या पत्रिका, वर्गणीच्या याद्या, अन्नदात्यांची नावं लॅपटॉपमध्ये. लिनक्सवर फाइल उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि चौकोनी कंस. जणू संगणकाला झटका आला होता. कारण साधं आहे. आपल्याकडे डीटीपीच्या जमान्यात जे कृतिदेवसारखे फॉन्ट आले, त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली. फॉन्ट आहे तोवर सगळं मराठी. फॉन्ट गेला की खुर्च्या उघड्या. युनिकोड येऊन जमाना झाला, रेड हॅट कंपनीनं लोहित नावाचे भारतीय भाषांचे फॉन्ट मोफत खुले केले, त्यांची देखभाल पुण्यात बसून झाली, आणि आज बहुतेक लिनक्समध्ये मराठी आपोआप नीट दिसतं. पण लग्नपत्रिका, सप्ताहपत्रिका आणि शोकसंदेश अजून जुन्या फॉन्टमध्येच होतात. लोक म्हणतात विंडोजची मक्तेदारी. माझ्या मते या भागात विंडोजला टिकवून धरणारे खांब दोनच: कृतिदेव आणि प्रिंटर.

फॉन्टचा इलाज झाला. जुना फॉन्ट आणून लिनक्सच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला आणि अन्नदाते परत मराठीत आले. प्रिंटरचं नाव मी घेत नाही. तो छोटा लेझर प्रिंटर आपल्या देशातल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात, प्रत्येक वकिलाकडे असतो, त्याला मरण नसतं आणि लिनक्सशी त्याचं बोलणं नसतं. भाचा दोन दिवस त्याच्यासमोर बसून होता. तिसऱ्या दिवशी प्रिंटरनं एक कागद बाहेर टाकला. पूर्ण कोरा. भाच्याच्या मते ही प्रगती होती.

या काळात भाऊजी खुर्चीत बसून मोबाइलवर बाजारभाव पाहत होते. "हे लिनक्स आपल्याले जमणार नाही," ते म्हणाले. भाचा याच वाक्याची वाट पाहत होता. त्यानं सांगितलं, की बाबा, तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे, गेली कित्येक वर्षं तुम्ही तेच वापरताय. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत पाचशेच्या पाचशे लिनक्सवर आहेत. अंतराळ स्थानकातले लॅपटॉपसुद्धा २०१३ मध्ये विंडोज काढून लिनक्सवर नेले. केरळात शाळाच्या शाळा तिच्यावर चालतात.

भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "अंतराळात चालते," ते म्हणाले. "मंग इथी प्रिंटर काहून नाही चालत बे?"

शेवटी तोडगा वऱ्हाडी निघाला. पत्रिका लिनक्सवर तयार करायची, तिची पीडीएफ मोबाइलवर घ्यायची आणि चौकातल्या झेरॉक्सवाल्याला पाठवायची. त्याच्याकडे तोच प्रिंटर आहे, पण तो त्याचा प्रश्न. लॅपटॉप आता रोज चालू होतो. भाऊजींची धाकटी पुतणी त्याच्यावर बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ उघडते. पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा निघतो, आणि तो फाइलमध्ये ठेवलाय याची खात्री करायला भाऊजी दिवसातून एकदा तो उघडतात. ताई कीर्तन लावते. व्हिडिओ फार स्पष्ट मागितला तर प्रोसेसर हात टेकतो, पण कीर्तनात ऐकायचं असतं, महाराजांच्या उपरण्याचे धागे मोजायचे नसतात, असं ती म्हणते. लाइट गेली तर लॅपटॉप अजूनही पट्‌कन जातो. आली की लिनक्स आपली फाइलव्यवस्था स्वतः तपासून, काही झालंच नाही असं दाखवत उभी राहते.

या सगळ्यात एकटा भाचा नाराज. लॅपटॉप नीट चालायला लागल्यापासून त्याला काही कामच उरलं नव्हतं. परवा पाहतो तर हा हातात पेनड्राइव्ह घेऊन कपाटापाशी घुटमळतोय. "मामा, हे बरं चाललंय म्हणा. पण पपी टाकून पाहू का?" ताईनं स्वयंपाकघरातूनच आवाज दिला, "चालू राह्यलं ना बापा? मंग हात नोको लावू." पण तिनं फार काळजी करायची गरज उरली नव्हती, कारण तोवर बातमी गल्लीत पसरली होती. रविवारी सकाळी ओट्यावर लोक आले. कुणाच्या लॅपटॉपचा डिस्प्ले गेलेला, कुणाचा पाण्यात पडून तांदळाच्या डब्यात पंधरवडा राहिलेला, एका गुरुजींचा निवडणुकीच्या ड्यूटीवरून आल्यापासून बोलत नसलेला. भाचा एकेकाला तपासत होता, रॅम विचारत होता, चेहरा खुलला होता.

रांगेत शेवटी एक आजोबा नुसता चार्जर घेऊन बसले होते. लॅपटॉप नातवाकडं नागपूरला आहे म्हणाले, तो दिवाळीत आणील; तोवर याच्यात काही टाकता आलं तर पाहा.